पंचेचाळिसावं घर

नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे कुठे दंगल झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. गणिताच्या मास्तरांचा धाक असतो, इंग्रजीच्या मास्तरांना मान असतो, पीटीच्या मास्तरांच्या गळ्यात निदान शिट्टी तरी असते. नागरिकशास्त्रवाल्याच्या वाट्याला येतो मधल्या सुट्टीनंतरचा तास. त्यात पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात आणि मास्तर त्यांना झोपू देतात. केळंब्याच्या हायस्कुलात उन्मेष सर एकोणीस वर्षं या विषयात सुखाने नांदत होते. त्यामुळे शिमगा दहा दिवसांवर आलेला असताना पोलिसांचे बीट अंमलदार त्यांच्या ओटीवर बसून, कोकम सरबताचा दुसरा पेला संपवून, "सर, तुमच्यापायी यंदा देवीला कुलूप लागणार बहुतेक," असं म्हणाले, तेव्हा सरांनी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे दुसरे कुणी सर उभे असतील, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं होतं.

मागे फक्त सुनेत्रावहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'मी सांगत होते' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी काय सांगितलं होतं आणि केव्हा, हे सरांना आठवेना. पण इतक्या वर्षांच्या संसारात सुनेत्राने काहीतरी सांगितलेलं असतंच, एवढं ते शिकले होते.

झालं होतं ते असं. जानेवारीत रत्नागिरीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रत्येक शिक्षकाने एक पाठ खेळातून शिकवायचा आणि त्याचे फोटो पाठवायचे, असं ठरलं. पाठ चिठ्ठ्या टाकून वाटले. विज्ञानवाल्यांना पचनसंस्था मिळाली, भूगोलवाल्यांना मतलई वारे. उन्मेष सरांच्या चिठ्ठीवर होतं, 'मतदारसंघांची पुनर्रचना'. पुस्तकात त्यावर मोजून अडीच ओळी होत्या. लोकसंख्या बदलली की मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात, संपलं. अडीच ओळींचा खेळ करायचा म्हणजे मूठभर पिठात गावजेवण घालायचं.

पण सर चिकाटीचे. त्यांनी प्लायवूडच्या फळीवर आनंदनगर नावाचं एक काल्पनिक शहर काढलं. त्यात पंचेचाळीस घरं, घरागणिक एक दाणा. काही घरी पांढरे वाल, काही घरी तांबडे कुळीथ. सुतळीने त्या घरांचे पाच प्रभाग पाडायचे, प्रत्येक प्रभागात एकमेकांना लागून असलेली नऊ घरं. ज्या दाण्यांची घरं जास्त, त्यांचा प्रभाग. दाणे तेच राहतात, पण सुतळी फिरवली की निकाल फिरतो. हे सरांना रात्री अंथरुणात सुचलं तेव्हा ते उठून बसले होते. एकोणीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी सुचलं होतं.

नववीच्या वर्गाने आनंदनगराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी राही नावाची कोंडवाडीतली मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, ती उभी राहिली.

"सर, ह्या गावात कोण ऱ्हातच नाय. मग कोण जिंकला नि कोण हरला, आपल्याला काय?"

"मग काय करू या?"

"आपलाच गाव घेव या की. आपली पण पंचेचाळीसच घरा हत."

खरोखरच तेवढीच होती. कोंडवाडीत सतरा, वरच्या आळीत आठ, मधल्या वाडीत अकरा आणि खालच्या वाडीत नऊ. सरांना हा दैवी संकेत वाटला. संकेत दैवी होता खरा, फक्त कोणत्या बाजूने, ते कळायला आठवडा गेला.

मुख्याध्यापिका नम्रताबाईंची परवानगी काढायला गेल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा परवानगी अर्धीच मिळते, हे शाळेत सर्वांना माहीत होतं. "पक्षांची नावं नकोत. जातीपातीचं नको. मागच्या निवडणुकीचं तर अजिबात नको. फळं घ्या हवं तर."

"आंबा आणि फणस?"

"आंबा नको. बागायतदार पालक आहेत. हापूस म्हणालात तर पायरीवाले येतील."

तेव्हा घावन पक्ष आणि आंबोळी पक्ष असे दोन पक्ष ठरले. यात कुणाच्या भावना दुखावण्यासारखं काही नाही, असं नम्रताबाई म्हणाल्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या. मुलांनी घरोघर जाऊन, तुमच्याकडे घावनं जास्त होतात की आंबोळ्या, ते लिहून आणलं. तीन घरांत सासू-सुनेची उत्तरं वेगळी निघाली आणि एका घरात त्यावरून दोन दिवस चूल वेगळी झाली, पण ते किरकोळ. एकंदर घावनाची घरं सत्तावीस, आंबोळीची अठरा. वरच्या आळीतली आठच्या आठ घरं घावनवाली.

मग राहीने सुतळी हातात घेतली. सर बघत राहिले. तिने वरच्या आळीची आठ घरं आणि मधल्या वाडीतलं एक, अशी नऊ घावनवाली घरं एकाच प्रभागात कोंबली. तिथे घावनवाले नऊ विरुद्ध शून्य असे जिंकले, आणि बाकी गावात त्यांची मतं कमी पडली. उरलेली सुतळी तिने वहाळासारखी वळवत नेली आणि अठरा घरांच्या आंबोळी पक्षाला पाचापैकी तीन प्रभाग मिळवून दिले. वर्ग ओरडला. घावनवाले म्हणाले, ही चिटिंग. राही म्हणाली, "नियम मोडला काय खयचो?" नियम मोडला नव्हता. सरांना भरून आलं. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला एकही पोर झोपलेलं नव्हतं.

त्या भरात त्यांनी फळीचा फोटो काढला. मधोमध सहाण, म्हणजे पालखी टेकायचा गावचा चौथरा, कारण गावात दुसरी ठळक खूण नाही. त्याच्यावर कुणीतरी भक्तिभावाने कुंकवाचा ठिपका दिलेला. सुतळ्या पालखीच्याच वाटेवरून गेलेल्या, कारण गावात वाटच तेवढी. प्रभागांना एक ते पाच क्रमांक, घरांना एक ते पंचेचाळीस. देवळाजवळून मोजायला सुरुवात केल्यामुळे कोंडवाडीला पहिला क्रमांक, आणि वरच्या आळीच्या टोकाचं सरांचं स्वतःचं घर पंचेचाळिसावं. सरांनी खाली लिहिलं, 'आपल्या गावाची नवी मांडणी. विद्यार्थ्यांनी एकमताने केली. क्रमांकासह.' पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवून ते निश्चिंत मनाने चहा प्यायला गेले.

आता इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. केळंब्यात प्रभागाला कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीचे प्रभाग दर काही वर्षांनी बदलतात, नकाशे लागतात, हरकती मागवतात, आणि लोक त्या नकाशाच्या आडोशाला विडी पेटवतात. पण शिमग्याच्या तोंडावर सहाणेसकट गावाचा नकाशा आणि त्यावर घरांचे नंबर दिसले, तर केळंबेकराला एकच गोष्ट कळते. पालखीचा क्रम बदलला.

हा क्रम कसा, तर देवळातून सकाळी आठाला पालखी निघते. कोंडवाडीच्या पाणंदीतून सतरा घरांच्या दारांवरून, कुठेही न थांबता, ती थेट वरच्या आळीत चढते आणि उन्मेष सरांच्या अंगणात पहिली टेकते. ती आठ घरं झाली की मधली वाडी, मग खालची वाडी. कोंडवाडीला परत येईपर्यंत दिवेलागण होऊन जाते आणि खांदेकऱ्यांच्या पायात जीव राहत नाही. देवी वर्षातून एकदा घरी येते, तिच्यासाठी तीनशे चाकरमानी मुंबईहून चार महिने आधी रेल्वेची तिकिटं काढतात. क्रम असाच का, हे कुणी विचारत नसे. सूर्य पूर्वेला का उगवतो, हेही कुणी विचारत नाही.

चहा संपायच्या आत फोटो शाळेच्या ग्रुपवरून चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळी सरांचा फोन टिंगटिंग वाजत चार्जिंगसकट टेबलावरून सरकू लागला. आणि दिवे लागायच्या सुमारास श्यामदादा आले.

श्यामदादा म्हणजे सरांचे थोरले चुलतभाऊ, शेजारच्याच घरातले, दोनशे कलमांचे मालक. फेब्रुवारीत मोहोरावर तुडतुडा पडल्यापासून ते कुणाशी नीट बोलत नव्हते. ते ओटीवर चढले, बसले नाहीत.

"उन्मेष, आपलं घर कितवं?"

"कशात, दादा?"

"पंचेचाळिसावं! आजोबांच्या आजोबांपासून पहिला नारळ आपल्या अंगणात फुटतो. तुला नको असेल मान, तर तू शाळेत ठेव. माझ्या घराला नंबर चव्वेचाळीस द्यायचा तुला अधिकार कुणी दिला?"

"दादा, हा मतदारसंघांचा खेळ आहे. ते घावन आणि आंबोळी..."

"आणि देवीला आंबोळीवाल्यांकडे आधी पाठवलंस?"

हे संभाषण इथून पुढे कुठेच गेलं नाही. श्यामदादा गेले ते पायरीवरून मागे न बघता गेले. उन्मेष सरांच्या छातीत जे धडधडायला लागलं, ते नंतर आठ दिवस थांबलं नाही. सुनेत्रावहिनींनी जिऱ्याचं पाणी दिलं. जिऱ्याच्या पाण्याने गॅस जातो, चुलतभाऊ जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगीतून फुफाट्यात, म्हणजे काशीराम आले. काशीराम हे कोंडवाडीचे आणि एकंदर गावकीचे पुढारी, राहीचे आजोबा. सोबत दहा माणसं, शाल, नारळ आणि अबोलीचा वळेसर. सरांना वाटलं, कुणाचं तरी लग्न.

"सर, तुमी मान सोडलात. आपनहून. सवताच्या हातानं सवताचा घर शेवटी टाकलात. आमच्या बापजाद्यांनी सपनात पन मागितला नव्हता ह्या."

"काशीरामकाका, अहो, मी काही सोडलेलं नाही..."

"त्येच तर. मोट्या मानसाला वाटतच नाय आपुन काय सोडला असा." आणि काशीरामांनी शाल घातली. समोरच्या दगडी गडग्यापलीकडून श्यामदादा ते बघत होते. शाल काढावी तर कोंडवाडीचा अपमान, ठेवावी तर वरच्या आळीचा. सरांनी ती अर्धी खांद्यावरून घसरू दिली आणि दोन्हीकडे एकदमच ओशाळं हसले. फोटो निघाला. फोटोही मंडळाच्या ग्रुपवर गेला.

त्यानंतर मधल्या वाडीने विचारलं की कोंडवाडी पहिली होऊ शकते तर आम्ही का नाही. खालच्या वाडीने विचारलं की आम्हाला कुणी विचारलं का. गावातल्या प्रत्येकाकडे सरांसाठी सल्ला होता. तापाचं कारण सांगून आठ दिवस गणपतीपुळ्याला जाऊन राहा. मोबाइल हरवलाय असं सांगा. फोटो डिलिट करा. सरांनी फोटो डिलिट केला, तेव्हा लोक म्हणाले, बघा, काहीतरी होतं म्हणूनच डिलिट केला.

मधल्या वाडीतल्या कुणीतरी तर लेखी हरकतच घेतली. ती कुठे द्यायची ते न कळल्यामुळे तालुक्याच्या एका कचेरीत जाऊन दिली, 'प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत' म्हणून. सरांना बोलावणं आलं. तिथले कारकून सज्जन होते, आणि तीच अडचण होती.

"सर, अशी कुठलीही प्रारूप रचना आम्ही प्रसिद्ध केलेली नाही."

"नाहीच. मग हरकत फेटाळून टाका."

"कशी फेटाळू? फेटाळायला मूळ रचना लागते. रचनाच नाही, तर हरकत निकाली काढायचा नमुना नाही आमच्याकडे." त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही असं करा. सदर नकाशा हा नकाशा नाही, असं लिहून द्या. तीन प्रतींत. आणि सोबत नकाशा जोडा."

सरांनी लिहून दिलं. नम्रताबाईंनी खुलासा मागितला, तोही दिला. प्रत्येक कागदावर सही करताना त्यांना वाटे, आपण कशाची तरी कबुली देतोय. झोप उडाली होती. डोळा लागलाच तर पालखी अंगणात येई, आणि तिचं दार उघडलं की आत वाल आणि कुळीथ.

आणि मग बीट अंमलदार आले, ते आपण सुरुवातीला पाहिलंच. मुंबईहून, वरून, खालून असे मिळून सात अर्ज आले होते. "पलीकडच्या खोऱ्यात एका गावात असाच मानाचा वाद झाला," ते म्हणाले. "सहा वर्षं पालखी देवळात कुलपात आहे. पोरीबाळी लग्न होऊन गेल्या, त्यांनी माहेरची देवी परत बघितली नाही. मला नको आहे ते. रविवारी बैठक घ्या. चारी वाड्यांच्या सह्यांचा एकमताचा कागद सोमवारी सकाळी माझ्याकडे. नाहीतर मनाईचा हुकूम."

ते गेल्यावर सर रिकामे पेले उचलता उचलता विचार करू लागले. निलंबन झालं असतं तर ते त्यांनी सोसलं असतं. पण देवी कोंडणारे सर? ते नाव पेन्शननंतरही राहतं. नातवंडांना चिकटतं. त्यांना खरंच भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

रविवारी दुपारी सहाणेवर गाव जमला. मुंबईहून चौघे खास आले होते. श्यामदादांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की सांग, पोरांची चूक झाली, क्रम होता तोच आहे, विषय संपला. सरांनी तसंच लिहून आणलं होतं. 'विद्यार्थ्यांकडून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल' अशी सुरुवात होती. ते उभे राहिले. कागद उघडला. समोरच्या गडग्यावर नववीचा अख्खा वर्ग ओळीने बसला होता, मध्ये राही. शुक्रवारी तिने त्यांना व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, "सर, आमचा काय चुकला काय?" आणि ते म्हणाले होते, "नाही गो, काही चुकलं नाही."

"विद्यार्थ्यांकडून," सरांनी वाचलं, आणि त्यांची नजर पुन्हा गडग्याकडे गेली. त्यांनी पाणी मागितलं. पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, "विद्यार्थ्यांकडून." तिसऱ्यांदा म्हणाले. खालच्या वाडीतला एक जण म्हणाला, "फुडं काय हाय का एवडाच?"

"विद्यार्थ्यांकडून काही चूक झालेली नाही," सर म्हणाले, आणि कागद दुमडून खिशात टाकला. श्यामदादांनी डोळे मिटून घेतले. "हा खेळ आहे. मी शिकवलेला. त्यांनी तो बरोबर खेळला."

"खेळ हाय तर खेळून दाकवा," काशीराम म्हणाले. आता तेही चिडले होते, कारण शाल वाया गेली की काय अशी शंका त्यांना येऊ लागली होती.

फळी शाळेत होती. मुलं धावत जाऊन घेऊन आली. सरांनी दाणे मांडले आणि सुतळी मधल्या वाडीच्या एका म्हाताऱ्याला दिली. म्हणाले, घावन-आंबोळी राहू दे, पालखीचाच क्रम आखा. हवा तसा. फक्त कुठलंही घर सुटता कामा नये. म्हाताऱ्याने दोन मिनिटांत मधली वाडी पहिली आणली. खालच्या वाडीने हिसकावून घेतली आणि आपली नऊ घरं आधी, बाकी गाव मागाहून. मुंबईवाल्यांनी तर तिकिटांच्या वेळा बघून क्रम लावला. कोंडवाडीने, वरच्या आळीनेही आखून पाहिलं. तासाभरात सगळे फळीवर ओणवे झाले होते, पागोटी-टोप्या बाजूला, एकमेकांच्या हातावर चापट्या. सात क्रम निघाले. प्रत्येकात ज्याच्या हातात सुतळी, त्याचं घर पहिलं. अगदी नियमात.

सर मनात म्हणत होते, हे तासाला झालं असतं तर मी फोटो काढला असता.

येसूबाई एवढा वेळ चौथऱ्याच्या पायरीवर पान चघळत बसल्या होत्या. कोंडवाडीच्या तोंडाशी, देवळापासून पहिलंच घर त्यांचं. वय ऐंशीच्या वर, नवऱ्यामागे एकट्या. त्यांनी पान गालात सारलं.

"मास्तर, ज्याच्या हातात सुतली त्याचा घर पयला. व्हय ना?"

"होय, येसूआजी."

"मंग पयल्यांदा सुतली कोनाच्या हातात व्हती?"

सहाणेवर एकेक करून माना वळल्या, श्यामदादांकडे आणि उन्मेष सरांकडे. सरांचे कान तापले. एकोणीस वर्षं त्यांनी समता, न्याय आणि बंधुता फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती, आणि त्रेचाळीस वर्षं पहिला नारळ आपल्या अंगणात फुटताना पाहिला होता, आणि या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. त्यांना लाज वाटली. पोरांसमोर वाटली म्हणून जास्त वाटली.

"आमच्या," ते म्हणाले.

"उन्मेष, खाली बस," श्यामदादा कडाडले. "देवळावर छप्पर आपल्या खापरपणजोबांनी घातलंय!"

"घातला," काशीराम शांतपणे म्हणाले. "आन कौला आमच्या मानसांनी डोकीवरनं आनली. बंदरापासनं."

श्यामदादांचा चेहरा इतका उतरला की उन्मेष सरांना त्यांची दया आली, आणि शिमग्यात दोन्ही घरांमध्ये ये-जा करणारे जेवणाचे डबे आता बंद होतील की काय, याची काळजीही वाटली.

"पयला-शेवटचा नको आमाला," येसूबाई म्हणाल्या. "जाता जाता थांबा म्हनते मी. वाटेतच तर हाव आमी. दरसाल दारावरनं जातेस आन बघत नायस, आसा कोन करतो काय?"

हे इतकं सोपं होतं की बैठकीला लगेच संशय आला. यात काहीतरी गोम असणार म्हणून मधल्या वाडीने तासभर गोम शोधली. आधी कोंडवाडीची सतरा घरं, मग वरची आळी, मग मधली, मग खालची. मधल्या आणि खालच्या वाडीला पालखी उशिरा येणार होती, पण वरच्या आळीलाही तितकाच उशीर होणार होता, म्हणजे त्यांच्याकडे चिडायला कारण उरलं नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. बीट अंमलदारांनी फोनवरून मसुद्यात 'प्रायोगिक तत्त्वावर, एक वर्षापुरते' असे शब्द घातले. ते शब्द दिसले की कुणालाही सही करायला धीर येतो. सर्वांत शेवटी श्यामदादांनी कागद ओढून घेतला. कुलूप त्यांनाही नकोच होतं. सही केली आणि खाली लिहिलं, 'हरकत राखून'.

घरी आल्यावर सुनेत्रावहिनींनी एकच विचारलं. "मग आपल्याकडे कधी येणार?"

"एकच्या सुमारास. अठरावं घर."

"म्हणजे मी एक वाजेपर्यंत उपाशी?"

"अगं, कोंडवाडीतल्या बायका इतकी वर्षं रात्री आठपर्यंत..."

"मला नागरिकशास्त्र शिकवू नका," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी पुरणाची डाळ जास्तीची भिजत घातली, हे सरांनी पाहिलं.

पालखीच्या दिवशी सर सकाळी सातलाच देवळात हजर होते. काही गडबड झाली तर जबाबदार कोण, या रकान्यात अंमलदारांनी त्यांचं नाव लिहिलं होतं. ढोल वाजला, पालखी उठली आणि पाणंदीला लागली. आता कुणी आडवं आलं तर? खालच्या वाडीने ऐन वेळी बेत बदलला तर? श्यामदादा वाटेत उभे असले तर?

तसलं काहीच झालं नाही. झालं ते वेगळंच. खांदेकऱ्यांच्या पायांना थांबायची सवय नव्हती. पुढचे दोघे येसूबाईंचं दार ओलांडून सरळ पुढे निघाले, मागचे दोघे थांबले, आणि पालखी दोन्हीकडून ताणली जाऊन मध्येच डगमगली. "आरं थांबा! हितं थांबायचा हाय!" काशीराम ओरडले. पालखी थांबली. मागे वळली. शेणाने सारवलेल्या त्या लहानशा अंगणात अलगद टेकली. ढोल थांबला.

अंगणात कुणी नव्हतं. रांगोळी नव्हती, पाट नव्हता, ओटीचं ताट नव्हतं. बासष्ट वर्षं पालखी रात्रीची येते, सकाळी नुसती जाते, या सवयीने येसूबाई निवांत होत्या. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

"आजी, देवी आली!" राहीने हाक मारली.

आवाज बंद झाला. मग आतून, घाबरलेला, चिरका, "अगो बाय! सांगा तिला थांबायला! आंघोल करतंय मी!"

काशीरामांनी उन्मेष सरांकडे पाहिलं. सरांनी पालखीकडे पाहिलं. कुणाला काय करायचं ते माहीत नव्हतं, कारण केळंब्यात आजवर माणसंच देवीची वाट पाहत आली होती. खांदेकरी अंगणात बसले. ढोलवाल्याने काठी मांडीवर ठेवली. शेजारच्या बायका आपापल्या घरातून पाट, हळदकुंकू, तांदूळ घेऊन धावल्या. न्हाणीत बादली आपटली, काहीतरी सांडलं, आणि येसूबाई आत एकट्याच रडत आहेत की हसत आहेत ते बाहेर कळेना. देवी त्यांच्या अंगणात बसून होती. उन्मेष सरांना हुंदका आला. तो त्यांनी खोकला म्हणून खपवला.

फोन वाजला. सुनेत्रावहिनी होत्या.

"कुठवर आली? श्यामदादा चौथ्यांदा विचारून गेले. नारळ सोलून बसलेत."

"पहिल्याच घरी आहे."

"अजून? काय झालं? भांडण झालं का?"

"नाही गं. येसूआजी लुगडं नेसतायत."

पलीकडे परात बाजूला सारल्याचा आवाज आला.

"घाई करू नका म्हणावं त्यांना," सुनेत्रावहिनी म्हणाल्या. "मी कणीक आत्ता मळत नाही."